दुपारचे साठ लिटर

१६ डिसेंबर

आजपासून ही वही. पंपिंग स्टेशनवर एकतीस वर्षं लॉगबुक लिहिलं. किती वाजता मोटर चालू, किती वाजता बंद, टाकीत किती फूट पाणी. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी सकाळी सात वाजता हात शिवशिवतो. आता लिहिण्यासारखं कारण मिळालं आहे.

यंदा धरण भरलंच नाही. त्यात वर्षअखेरची सुट्टी. घरोघरी पाहुणे, सगळी माणसं दिवसभर घरात, गीझर चालू, हीटर चालू, नळ चालू. पालिकेने नोटीस लावली आहे, ५ जानेवारीपर्यंत दिवसाआड पाणी. संध्याकाळी सहा ते नऊ वीज जपून वापरायची, नाहीतर अख्ख्या भागाची जाईल.

संध्याकाळी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरीबाई दातांच्या डॉक्टर आहेत, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की सगळे आपोआप तोंड मिटतात. बारा घरं, गच्चीवर एक टाकी. मी उभा राहून हिशोब मांडला. दर घराला दिवसाला तीनशे वीस लिटर. प्रत्येकाचा मीटर जिन्यात आहेच. जो ओलांडेल त्याचा कॉक दुसऱ्या दिवशी दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीटर रोज कोण वाचणार, असं बाईंनी विचारल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाईट वाटलं नाही.

घरी आल्यावर हिने विचारलं, "नियम तुम्हीच सुचवलात ना?"

"हो."

"सुट्टीत आपल्याकडे कोण कोण येणार आहे, ते आठवलं होतं का त्या वेळी?"

आठवलं नव्हतं. पण नियम तो नियम.

१८ डिसेंबर

सासूबाई आल्या. त्या मेहुण्याकडे असतात. तो बायकामुलांना घेऊन दोन आठवडे फिरायला चालला आहे, म्हणून सासूबाई आपल्याकडे. वय ब्याऐंशी. कान उत्तम, नजर उत्तम, गुडघे थोडे कुरकुरतात. हॉलमध्ये लेकीची सोय, मागची खोली सासूबाईंना. त्या खोलीला लागून बाथरूम आहे, त्यांना बरं.

मेहुणा निघताना जिन्यात घुटमळला. मी तिसऱ्या मजल्याचा मीटर बॅटरी मारून वाचत होतो.

"भाऊजी, आईचं एक सांगायचं होतं."

"बोल की."

तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मग म्हणाला, "जाऊ दे. ताईलाच फोन करतो." आणि गेला. पथ्यपाण्याचं काहीतरी असेल.

त्यांची एक पिशवी भलतीच जड होती. "आई, विटा भरल्यात की काय?" म्हटलं. त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतलीच. "चादरी आहेत. मला दुसऱ्यांच्या अंथरुणावर झोप येत नाही." सहा चादरी! दोन आठवड्यांसाठी सहा. प्रत्येकाचा एकेक छंद असतो.

१९ डिसेंबर

लेक आली. केस कमरेपर्यंत. मी फक्त बघितलं. तिने ते बघितलं आणि म्हणाली, "बाबा, कापणार नाहीये मी."

जेवताना सगळ्यांना समोर बसवून कामाचं सांगितलं. आंघोळीला अर्धी बादली. गीझर सकाळी पंचवीस मिनिटं, सगळ्यांनी पाठोपाठ उरकायचं. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना. मशीन दोन दिवसांतून एकदा, पूर्ण भरल्यावरच. मशीनचं पाणी टबात धरायचं, ते फ्लशला. फ्लशच्या टाकीत मी पाण्याने भरलेली एक बाटली ठेवून दिली आहे, दर वेळी लिटरभर वाचतं. हीटर एका वेळी एकाच खोलीत. फ्रिज उघडून विचार करत उभं राहायचं नाही.

"आणि श्वास?" लेकीने विचारलं. "श्वास सोडायचा की धरायचा?"

सासूबाई हसल्या नाहीत. त्या मन लावून ऐकत होत्या. "कपडे मशीनमध्येच धुवायचे का? हाताने धुतले तर चालेल?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, हाताने धुण्यात उलट जास्त पाणी जातं.

फ्रिजवर तक्ता लावला आहे. प्रत्येकाचं नाव. पिण्याच्या पाण्यालाही प्रत्येकाची खूण केलेली लिटरची बाटली. मोजायचं तर सगळं मोजायचं.

२१ डिसेंबर

घर हळूहळू वळणावर येतं आहे. पहिला नंबर सासूबाईंचा. पाव बादलीत आंघोळ. संध्याकाळपर्यंत त्यांची बाटली अर्धीसुद्धा रिकामी होत नाही. संध्याकाळचा चहाही सोडला. "उगीच पित होते, सवय म्हणून," म्हणाल्या. मी तक्त्यावर त्यांच्या नावापुढे लाल पेनाने चांदणी काढली आणि लेकीला दाखवली. लेक म्हणाली, "बाबा, ही शाळा नाहीये."

खोली तर इतकी नीटनेटकी ठेवतात! चादर रोज सकाळी ताणून घातलेली, एक सुरकुती नाही. एवढ्या थंडीत पहाटेपासून खिडकी सताड उघडी. जुन्या माणसांना मोकळी हवा लागते. दुपारी मात्र थंडी वाजते म्हणून दार लावून हीटर चालू करतात. मी एक तासाची परवानगी दिली आहे.

एक गोष्ट जुळत नाही. मी सकाळी सात, दुपारी एक, पाच आणि रात्री नऊला मीटर वाचतो. एक ते पाच या वेळात साठ लिटर गेले. त्या वेळी मी झोपलेला असतो, ही केकच्या दुकानात कामाला गेलेली असते, लेक हॉलमध्ये कानात ते बोळे घालून ऑफिसचं काम करते. मग पाणी वापरतं कोण?

२२ डिसेंबर

आज पासष्ट. फ्लशच्या टाकीत निळी शाई टाकून बघितली. गळत असती तर भांड्यात रंग उतरला असता. नाही उतरला. सगळे नळ कोरड्या फडक्याने पुसून पंधरा मिनिटं बघत बसलो. एक थेंब नाही. अख्ख्या शहराच्या पाइपलाइनचा माणूस मी, मला माझ्या घरातली गळती सापडू नये?

संध्याकाळी पाचला इस्त्री हाताला गरम लागली. कोणी वापरली विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माझे रुमाल केले हो दोन."

ही दमून येते. सुट्टीच्या दिवसांत केकच्या दुकानात उभं राहायला जागा नसते, आठ वाजतात परतायला. जेवताना म्हणाली, "आई गप्प गप्प आहे का हो दिवसभर?" मी म्हटलं, गप्प नाही, समजूतदार आहेत. "भाऊ फोन करणार होता, केला नाही अजून," ती म्हणाली आणि बसल्या जागी पेंगायला लागली.

२३ डिसेंबर

काल एकूण तीनशे चव्वेचाळीस झाले. म्हणजे नियमाप्रमाणे आज आमचा कॉक बंद. दुपारी बाराला मीच खाली गेलो आणि स्वतःच्या हाताने स्वतःचा कॉक फिरवला. दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले जिन्यात उभे होते. "काय साहेब, स्वतःलाच पाणी पाजलंत?" म्हणाले. मला हसता आलं नाही.

दुपारी सासूबाईंनी तीनदा विचारलं, पाणी कधी येणार? पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा दारात उभं राहून, तिसऱ्यांदा मी झोपलो होतो तेव्हा उठवून. एवढं काय अडलं होतं कोण जाणे. "आई, पिण्याचं भरलेलं आहे की," म्हटलं. "पिण्याचं नको," म्हणाल्या आणि आत जाऊन कडी लावली.

उद्यासाठी प्लंबरला बोलावलं आहे.

२४ डिसेंबर

प्लंबर आला. जुना माणूस, स्टेशनवरही कामाला यायचा. लोखंडी सळईचं एक टोक पाइपला आणि दुसरं कानाला लावून त्याने घरभर फेरी मारली. मग सळई पुसून पिशवीत टाकली.

"साहेब, पाइप ठणठणीत आहे."

"मग साठ लिटर?"

"पाणी गळत नाही. वापरलं जातंय. मागच्या बाथरूमचा खालचा नळ बघा, बादलीचा. चकचकीत झालाय हात लागून लागून. कोणीतरी धुणं धुतंय तिथे."

"धुणं मशीनमध्ये होतं."

त्याने मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घरात वयस्कर कोणी आहे का?"

"सासूबाई आहेत. सगळ्यात कमी पाणी त्यांचंच."

"बरं," तो म्हणाला आणि चपला घालायला लागला. प्लंबरला काय, सापडलं नाही की म्हणायचं वापरलं जातंय. पण त्याचं बोलणं डोक्यात राहिलं. मागचं बाथरूम सासूबाई वापरतात आणि लेक वापरते. लेकीचे केस आहेत कमरेपर्यंत.

२६ डिसेंबर

लिहू की नको असं झालं होतं. पण लॉगबुकात फक्त चांगलं लिहायचं नसतं.

काल पुन्हा तीनशे चाळीस, आज पुन्हा आमचा कॉक बंद. बारा घरांत दोनदा बंद झालेलं घर एकच, आणि ते मीटर वाचणाऱ्याचं. जेवताना मी लेकीला सरळ विचारलं, दुपारी केस धुतेस का?

"काय?"

"एक ते पाचमध्ये साठ लिटर जातात. प्लंबरनेही सांगितलं, मागच्या बाथरूममध्ये."

"मी दुपारी मीटिंगमध्ये असते, बाबा. हलतसुद्धा नाही जागची."

"मग काय तुझी आजी नेसूचं सोडून समुद्रस्नान करते?"

हे मी बोलायला नको होतं. हिने "अहो!" म्हणून चमचा खाली ठेवला. सासूबाईंचा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला होता, तो तसाच परत आला. त्या म्हणाल्या, "तिला काही बोलू नका. तिने काही केलेलं नाही."

"आई, तुम्ही तिला पाठीशी घालू नका."

लेक उठली. "मी खोटं बोलते असं म्हणायचंय तुम्हाला? वर्षातून एकदा येते मी घरी. इथे मला पाण्यात पाहतात सगळे, अगदी मोजून!" बॅग भरून ती मैत्रिणीकडे गेली. हिने भांडी आवरली. सासूबाई जेवल्याच नाहीत. त्या ताटासमोर बसून राहिल्या, मग मला म्हणाल्या, "तिला परत बोलवा. उद्यापासून तुमचे साठ लिटर जाणार नाहीत."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं, लेकच ती.

२७ डिसेंबर

एक ते पाच : चार लिटर. काय बोलावं! लेक गेली आणि दुपारची गळती थांबली. दिवसाचे एकूण दोनशे एक. हिला पाचलाच दुकानात फोन करून चार लिटरचा आकडा सांगितला होता. ती म्हणाली, "छान. पोरगीही नाही आणि पाणीही नाही," आणि फोन ठेवला.

२८ डिसेंबर

एकशे ब्याण्णव. बारा घरांत सर्वांत कमी. सेक्रेटरीबाईंनी फलकावर लिहिलं. विमावाल्यांनी हात जोडले, थट्टेने का होईना.

सासूबाईंच्या बाटलीतलं पाणी दोन बोटं उतरलं आहे, सकाळपासून. मी म्हटलं, "आई, तुम्ही तर सगळ्यांना मागे टाकलंत." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मेहुण्याच्या नावाने हाक मारून विचारलं, गाडी किती वाजता आहे? मी म्हटलं, कुठली गाडी? मग त्या सावरल्या. ओठ सुकून पापुद्रे निघाले आहेत, थंडीने असेल. व्हॅसलीन दिलं. दिवसभर झोपूनच होत्या. म्हातारपण.

२९ डिसेंबर

सकाळी पावणेआठला मागच्या खोलीत धप्प आवाज झाला. मी दात घासत होतो, नळ बंद ठेवून. धावलो. सासूबाई पलंगाच्या आणि कपाटाच्या मधल्या जागेत पडलेल्या. डोळे उघडे, पण मी कोण ते कळत नव्हतं. अंग तापलेलं. त्या हाताने पलंगावरची चादर खाली ओढत होत्या, ओढतच होत्या. मी सोडवायला गेलो तर हात घट्ट. चादर ओली होती.

ही आली, मी अँब्युलन्सला फोन केला. वीस मिनिटांत हॉस्पिटलमध्ये.

डॉक्टर तरुण मुलगी होती, आमच्या लेकीपेक्षा लहान. तपासून झाल्यावर बाहेर आली. अंगात पाणीच उरलेलं नाही, म्हणाली. लघवीला इन्फेक्शन आहे, ते वर चढलं आहे, म्हणून ताप आणि म्हणून गोंधळल्यासारखं. "दिवसाला पाणी किती पितात?"

ही माझ्याकडे बघायला लागली.

मला पाठ होतं. सांगितलं, "एकवीस तारखेला साडेचारशे मिली. चोवीसला चारशे. सव्वीसला तीनशे. काल शंभरच्या आसपास."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. "तुम्ही मोजत होतात?"

"हो."

"आणि कोणाला काही वाटलं नाही?"



३० डिसेंबर

सलाइन चालू आहे. ताप उतरतो आहे. अजून धोका टळला म्हणत नाहीत.

ही सकाळी कपडे आणायला घरी गेली होती. परत आली ती माझ्या शेजारी बाकावर बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोलली. कपाटामागे दोरी बांधली होती. त्यावर दोन चादरी, अर्धवट ओल्या, वास येत असलेल्या. गादीच्या खाली वर्तमानपत्रं. गादीला एका जागी इस्त्रीचा डाग.

"भावाला फोन लावला. म्हणतो, सहा महिने झाले, झोपेत कळत नाही तिला. तो मला सांगणार होता, पण त्याला लाज वाटली. त्याला! आणि वहिनीने तिकडे घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे, म्हणून आईने इथे कोणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. तुम्ही झोपलात की दुपारी धुवायची. या थंडीत. गार पाण्याने."

मी म्हटलं, गीझर लावायचा ना.

"पंचवीस मिनिटांचा नियम आहे," ही म्हणाली.

नंतर म्हणाली, "मलाही कळलं नाही. मी तिची मुलगी. दुकानातून येऊन झोपत होते." तिला रडायला आलं. मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, एवढं आज लिहून ठेवतो.

मला राहून राहून एकच वाटतं आहे. प्लंबरला पाच मिनिटांत कळलं होतं.

३१ डिसेंबर

शुद्धीवर आहेत. हिला ओळखलं, नर्सला नाव विचारलं. मग हिला म्हणाल्या, "पोरीवर माझ्यामुळे आळ आला. म्हटलं, पाणीच नको प्यायला, म्हणजे ओलं व्हायचंच नाही. धुवायला नको, कोणाला बोलणं नको." डॉक्टरने समजावलं, की कमी प्यायल्यानेच उलट जास्त त्रास होतो. औषध आहे, व्यायाम आहेत, रात्री घालायचे पॅड आहेत. बऱ्याच बायकांना होतं, पुरुषांनाही. तिने हे अगदी गुडघेदुखीबद्दल बोलावं तसं सांगितलं. मला वाटलं, इतकं सोपं होतं?

दारात उभा होतो. आत जायचा धीर झाला नाही.

लेकीला फोन केला. आजीची तब्येत, डॉक्टर काय म्हणाली, असं सगळं मी लांबण लावून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईने सगळं सांगितलंय मला. तुम्ही फक्त सॉरी म्हणा ना सरळ."

म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "येते उद्या."

१ जानेवारी

सासूबाईंना घरी आणलं. लेकही आली. ती आजीच्या खोलीत गेली आणि दोघी अर्धा तास कुजबुजत होत्या. बाहेर आल्यावर तिने फ्रिजवरचा तक्ता काढला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. मला विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

सेक्रेटरीबाईंकडे गेलो. म्हटलं, माझा नियम चुकला आहे. दर घराला सारखं पाणी म्हणजे न्याय, असं मी समजत होतो. बाईंनी चष्मा काढला. "तळमजल्यावरच्या शिक्षकांकडे तान्हं बाळ आहे, माहीत आहे ना? दहा दिवस झाले, ते लंगोट धुवायला बहिणीकडे जातात. बसने. तुमचा कॉक बंद झालेला बघून त्यांनी काही बोलायचंच टाळलं."

मला कसं माहीत असणार? त्यांचा आकडा तर अगदी बरोबर यायचा.

संध्याकाळी जिन्यातच सगळ्यांना बोलावून ठरवलं. आता घराची मर्यादा नाही, सगळ्या इमारतीची मिळून एक. ज्याला जास्त लागतं त्याने सांगायचं, कारण सांगायची सक्ती नाही. विमावाले दोघंच राहतात, ते म्हणाले, आमचे शंभर लिटर घ्या, आम्हाला तीनशे वीस लागतातच कुठे. चौथ्या मजल्याने ऐंशी दिले. शिक्षक खाली मान घालून उभे होते, मग हळूच म्हणाले, "आम्हाला नव्वद लागतील." मी म्हटलं, "आम्हाला साठ." सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं. कोणी का म्हणून विचारलं नाही.

२ जानेवारी

बेरीज बसते आहे. काल सगळी इमारत मिळून दीडशे लिटर शिल्लक. मागच्या खोलीत गादीवर रबरी कापड घातलं. गीझरची वेळ कोणावरही बांधलेली नाही. गंमत म्हणजे तरीसुद्धा वीज फारशी वाढली नाही. माणसं आपापली उरकतात.

सासूबाई पाणी पितात, पण मी समोर असलो की भांडं खाली ठेवतात. मी खोलीत गेलो की चादर हनुवटीपर्यंत ओढतात. ही म्हणते, वेळ द्या. लेक म्हणते, तुम्ही जाऊन बोला. काय बोलायचं? पंपाशी कसं बोलायचं ते मला माहीत आहे.

३ जानेवारी

आज दुपारी झोपलो नाही. ही दुकानात, लेक ऑफिसच्या कामात. मागच्या खोलीच्या दारावर टकटक केलं. सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. मी स्टूल ओढून बसलो. दोघंही खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत राहिलो.

शेवटी मीच सुरुवात केली. म्हटलं, "आई, एक सांगतो. हे तुमच्या मुलीलासुद्धा माहीत नाही."

त्यांनी मान वळवली.

मी सत्तावीस वर्षांचा होतो. स्टेशनवर एकटा ड्युटीवर. सकाळी अकराला मुख्य लाइनचा व्हॉल्व्ह अडकला आणि आपोआप बंद व्हायला लागला. तो बंद झाला असता तर मागून दाब येऊन पाइप फुटला असता, आणि खाली वस्ती होती. चाक हाताने धरून ठेवावं लागलं. फोन पंधरा फुटांवर, पण हात सोडता येईना. दुसरा माणूस तीन वाजता यायचा. अकरा ते तीन.

"चार तास?" त्या म्हणाल्या.

"चार तास. आणि ड्युटीवर येण्याआधी मी दोन कप चहा पिऊन आलो होतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे..."

"सव्वाच्या सुमाराला. उभ्या उभ्या. खाकी पँट होती, त्यामुळे लपण्यासारखं काही नव्हतं."

"अगं बाई."

"शहराला पाणी पुरवणारा माणूस, आई, आणि ही अवस्था."

त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. "मग तीन वाजता? तो दुसरा माणूस आला तेव्हा?"

"मी त्याला सांगितलं, गळती झाली."

मग त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मीही हसत होतो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं असे कधी हसलो नव्हतो. लग्नात नमस्कार केला तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे तब्येत कशी आहे आणि प्रवास कसा झाला.

"आणि पँट?" त्यांनी विचारलं, कसाबसा श्वास घेत. "पँट कुठे वाळवली?"

"मोटरवर. गरम असते ना. पाऊण तास टॉवेल गुंडाळून लॉगबुक लिहीत बसलो होतो. तेवढ्यात साहेब तपासणीला आले."

"पुरे," त्या म्हणाल्या. त्यांनी एक हात पोटावर धरला आणि दुसऱ्याने माझं मनगट पकडलं. "पुरे हो जावईबापू, हसवू नका. हसवू नका मला..."

आणि मग त्या एकदम थांबल्या. चेहरा बदलला. माझ्याकडे बघितलं. मला कळलं. या वेळी मला लगेच कळलं.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं," त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "तुमच्यामुळे."

मी लेकीला हाक मारली. तिने त्यांना बाथरूममध्ये नेलं, गरम पाणी काढून दिलं. तोवर मी कपाटातून धुतलेली चादर काढली. सासूबाई कपडे बदलून परत आल्या तेव्हा मी ती पलंगावर उलगडत होतो. थोडा वेळ त्या बघत उभ्या राहिल्या.

"अहो, आडवी घालताय. इकडून धरा," म्हणाल्या आणि दुसऱ्या बाजूला जाऊन दोन टोकं हातात घेतली. "आता ताणा."

मी ताणली.